मावशीची उजवी पापणी

घाबरली की माझी मावशी गप्प बसत नाही, बडबडते. त्यामुळे त्या दिवशी मी दुकानातून घरी आले आणि ती दारातच कुणाच्यातरी पडद्यांच्या कापडाबद्दल काहीबाही सांगत सुटली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी वाकून चपला काढत होते. मान वर केली तेव्हा तिच्या दोन्ही पापण्या लालभडक दिसल्या, उजवी जरा जास्तच, आणि कडांना पांढरे पापुद्रे सुटलेले. रडलीस का म्हणून विचारलं, तर म्हणाली, रडायला वेळ कुणाला आहे.

मावशी रफूचं काम करते. कोटाला सिगारेटचं भोक पडलं, शाल खिळ्याला अडकून फाटली, की त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे उपसायचे आणि एकेक धागा वरखाली करत भोक असं भरायचं, की मालकाला शोधूनही सापडू नये. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं टेबल आहे. लाँड्रीवाला दोन दिवसांआड तिथे गाठोडं आणून टाकतो. पस्तीस वर्षं सुया टोचून तिच्या बोटांना असे घट्टे पडलेत, की गरम भांडं ती फडक्याशिवाय उचलते. त्या बोटांना बारीक गाठ लागत नाही. म्हणून काम संपलं की ती डोळे मिटते आणि रफूची जागा पापणीवरून हलकेच फिरवते. जिथे खुपलं तिथे उसवून पुन्हा भरायचं. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, असंच करायचे. तेही रफूगार. शेवटची सात वर्षं ते आंधळे होते. काचबिंदू झाला होता, आणि डॉक्टरकडे नेईपर्यंत उशीर झाला होता.

मावशी कशाला घाबरली होती, ते वेगळं सांगायला नको. पण तो शब्द ती घरात उच्चारू द्यायची नाही. कापडातली धूळ गेली असेल, म्हणायची, आणि डोळे चोळायची.

मी औषधांच्या दुकानात काउंटरला उभी असते. अकरा वर्षं लोकांना अक्कल शिकवतेय, तेव्हा घरचा प्रश्न चुटकीसरशी सोडवीन अशी माझी घमेंड. पहिलं क्रीम आणलं ते गुलाबी डबीतलं. लावून पाच मिनिटं झाली नाहीत, तोच मावशी न्हाणीघरात पळाली आणि पाण्याचे हबके मारत राहिली. दुसरं म्हणे संपूर्ण नैसर्गिक. त्यात कसल्या कसल्या फुलांचे अर्क होते, आणि त्यांनी पापण्या अशा सुजल्या की सकाळी तिने बोटांनी उघडल्या. तिसरं लहान बाळांचं, त्यालाही वास. मधल्यामध्ये शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून मला न विचारता कोरफडीचा गरही लावून झाला. प्रत्येक डबीवर 'संवेदनशील त्वचेसाठी' असं ठळक छापलं होतं. ते छापणाऱ्याला एकदा आमच्या घरी आणून बसवावं, असं मला वाटे. मावशी तक्रार करत नव्हती. फक्त दिवा तासभर आधी लावायला लागली होती, आणि सुईत दोरा ओवायचा झाला की माझी वाट बघत बसायची.

मग एका दुपारी डोकं दुखत होतं म्हणून मी लवकर घरी आले. दार लोटलेलं होतं. फटीतून पाहिलं तर मावशी टेबलापासून स्वयंपाकघराकडे चालली होती, डोळे घट्ट मिटून. डावा हात भिंतीवरून सरकत होता आणि ओठ हलत होते. नऊ पावलं मोजली. उजवीकडे वळली, फडताळ चाचपून पेला काढला, माठापाशी गेली आणि पेल्यात बोट बुडवून ठेवून पाणी भरलं. बोटाला पाणी लागल्यावर थांबली. एक थेंब सांडला नाही. म्हणजे हे काही आज पहिल्यांदा चाललं नव्हतं.

आत जाऊन तिला मिठी मारावी एवढं धैर्य माझ्यात असायला हवं होतं, पण नव्हतं. मी तशीच चार पायऱ्या उतरले आणि पाय आपटत पुन्हा वर आले. आत गेले तेव्हा मावशी खिडकीशी बसलेली, हातात सुई. लवकर कशी आलीस म्हणाली, आणि मग खादी आणि लोकरीतला फरक सांगत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी तिला जवळजवळ ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाहेरच्या बाकावर ती इतकं बोलली की शेजारचे आजोबा उठून दुसऱ्या बाकावर गेले. आत मात्र तिने माझं मनगट धरलं, आणि बाई थेंब घालून, उजेड टाकून, दाब मोजून काय काय तपासत होत्या तेवढा वेळ सोडलं नाही. शेवटी बाई म्हणाल्या, "डोळे ठणठणीत आहेत. दाब बरोबर आहे, नस चांगली आहे. वडिलांना होता म्हणून वर्षातून एकदा येत जा, पण आज तुम्हाला काचबिंदू नाही. त्रास पापण्यांच्या कातडीला आहे, आणि डोळ्यांना पाणी येतं म्हणून अंधुक दिसतंय."

बाईंनी सगळ्या डब्या बंद करायला लावल्या. चेहरा नुसत्या कोमट पाण्याने धुवायचा, चोळायचा नाही, आणि ज्यात वास नाही, रंग नाही, ज्याच्या खोक्यावर सगळ्यात कमी नावं असतील असं साधं मलम पातळ लावायचं. ते मलम आमच्याच दुकानात खालच्या फळीवर धूळ खात पडलं होतं. माझ्याकडे कुणी मागत नाही, म्हणून मीही कुणाला सुचवत नाही. मला स्वतःचीच लाज वाटली.

दहा दिवसांत डावी पापणी निवळली. उजवी निवळेना, तशीच धगधगत राहिली. पुन्हा बाईंकडे गेलो. त्यांनी विचारलं, उजव्या डोळ्याला वेगळं काय करता? मावशी म्हणाली, काही नाही. मीही ठामपणे म्हणाले, काही नाही. आणि आम्ही दोघी खोटं बोलत नव्हतो. पस्तीस वर्षं रोज केलेली गोष्ट आपण करतो, हे लक्षातच राहत नाही.

त्याच संध्याकाळी मी टेबलाशेजारी भाजी निवडत होते. मावशीने एका काळ्या कोटाचं रफू संपवलं, गाठ मारली, डोळे मिटले आणि कोट उजव्या पापणीकडे उचलला. ड्रायक्लीनिंगचा तो तिखट वास माझ्यापर्यंत आला. लाँड्रीवाला मागे कधीतरी सांगून गेला होता की त्यांनी धुवायचं रसायन बदललंय. माझ्या हातातली जुडी खाली पडली.

"मावशी, थांब. तेच आहे ते."

तिला लगेच समजलं. मला वाटलं, आता सुटकेचा श्वास टाकेल. पण कोट मांडीवर ठेवून ती पांढरीफटक पडून बसली. मी तिला समजावत राहिले, डोळे चांगले आहेत, बाईंनी स्वतः सांगितलंय, फक्त हे एवढं सोड.

"बाबांचे डोळे गेल्यावर रफू मी करत होते आणि ते पापणीने तपासत होते," ती म्हणाली. "सात वर्षं. एक चूक सुटली नाही त्यांच्या हातून. मला वाटायचं, उद्या माझे गेले तरी एवढं राहील." मग कोटावरून तळहात फिरवत म्हणाली, "आता तेही नाही."

डॉक्टरीणबाईंचं 'नाही' तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. ती केव्हाची आंधळेपणाची तयारी करत होती, आणि त्या तयारीतलं सगळ्यात मोठं हत्यार मी तिच्या हातून काढून घेतलं होतं.

लाँड्रीवाल्याची यायची वेळ झाली होती. मावशीने रफूवर अंगठा फिरवून पाहिला, मनगटाची आतली बाजू लावून पाहिली, मान हलवली. काही कळत नव्हतं. मला राहवेना. मी कोट ओढून घेतला, म्हणाले मी बघते, आणि डोळे मिटून चेहऱ्याशी नेला. मावशीने माझं मनगट असं पकडलं की तिची नखं रुतली.

"खबरदार. तुझे डोळे मी कुणाच्या कोटासाठी देणार नाही."

"मग स्वतःचे का देत होतीस?"

दारावर थाप पडली. तिने कोटाची घडी घातली, स्वतः दारात गेली आणि लाँड्रीवाल्याला सांगितलं, यावेळी तपासलेला नाही, खोट निघाली तर परत आण. तो हसला. त्याला वाटलं, मावशी थट्टा करतेय. दार लावून ती पुन्हा टेबलाशी येऊन बसली.

पुढचा कपडा तिने उचलला नाही. मलम घेऊन ये म्हणाली, आणि माझ्यासमोर चेहरा करून डोळे मिटले. मी बोटावर थोडंसं घेतलं आणि उजव्या पापणीवर टेकवलं. खाली तिचं बुबुळ सारखं इकडून तिकडे पळत होतं. ते शांत होईपर्यंत मी बोट काढलं नाही.