वाचनालयाच्या पाटीसाठी दोन वळणे

पुंजाराम हे द्वारका चौकाजवळच्या बौद्ध वसाहतीतले पेंटर. १९७९ साली वसाहतीने स्वतःच्या श्रमाने वाचनालय उभारले आणि पाटीचे काम त्यांच्याकडे आले. नक्षीदार, फुगीर अक्षर त्यांना नको होते. पाटी दुकानाची नव्हती. साक्षरता वर्गातल्या बायका नुकत्याच अक्षरे जुळवू लागल्या होत्या. त्यांनी रस्त्यापलीकडून ती पाटी आपली आपण वाचावी आणि कुणाला न विचारता आत यावे, ही पुंजारामांची इच्छा होती.

त्यांनी अक्षरांची दोन साधी वळणे काढली. दोन्हींत रेघ जवळपास एकसारख्या जाडीची, तरी बोरू धरणाऱ्या हाताची आठवण ठेवणारी. दुसऱ्यात मात्र ‘ब’, ‘व’, ‘च’ यांच्या पोटातली जागा किंचित मोकळी होती.

“दोन्ही एकच तर हायेत,” त्यांच्या पत्नी लताबाई म्हणाल्या. “एक धुऊन वाळत घातल्यासारखं दिसतंय, एवढंच.”

बायकांना रस्त्यापलीकडे उभे करून नमुने दाखवले. दोन्ही वेळा ‘सार्वजनिक वाचनालय’ असा खणखणीत आवाज आला. सर्वांत आधी आक्काबाईंचा; त्या तर वर्गाला कधी आल्याच नव्हत्या.

“आक्काबाई, तुम्ही कसं वाचलं?” पुंजारामांनी विचारले.

“वाचायचं काय त्यात? महिनाभर वसाहतीत दुसरं बोलतंय कोण?”

ओळखीचा मजकूर माणूस वाचत नाही, आठवतो. पुंजारामांनी हा दोष स्वतःच्या चाचणीचा मानला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुणाला न सांगता नवे कागद लावले. पहिल्या वळणात लिहिले, ‘लताबाईंची भाकरी कच्ची’. दुसऱ्यात, ‘लताबाईंचा चहा बेचव’. चाचणी न्याय्य व्हावी म्हणून दोन्हींत नाव एकच ठेवले होते.

वर्गाला निघालेल्या बायका पलीकडच्या कडेला थबकल्या. त्यांच्यातल्याच लताबाईंचे ओठ हलू लागले.

“बेचव? सकाळी दोनदा मागून प्याले ना तुम्ही?” त्यांनी तिथूनच विचारले. बायका हसत सुटल्या. “आन् त्या शेजारच्या कागदावर काय खरडलंय? इथून नाय लागत. थांबा, आलेच.”

त्या रस्ता ओलांडेपर्यंत पुंजारामांनी पहिला कागद गुंडाळला.

“राहू दे. ठरलं माझं.”

“कशावरून ठरलं?”

“तू तिकडूनच भांडायला लागलीस.”

पाटी दुसऱ्या वळणात रंगली. लताबाईंनी गुंडाळलेला कागद मात्र मागून घेतला, आणि तो सावकाश वाचून होईपर्यंत घरात चहा झाला नाही.