शेवटच्या रांगेतला ढेकर

सोडेवाले काकांनी चाळीस वर्षं सोडा विकला, पण वायू मोजायचा मीटर कधी वापरला नाही. मशीनमधून पहिली बाटली निघाली की ती स्वतः प्यायची, कमरेवर हात ठेवून छताकडे बघायचं आणि वाट पाहायची. ढेकर छातीतून खणखणीत आला तर माल दुकानात. नुसताच घशात गुरगुरला तर सगळी खेप परत मशीनवर. गिऱ्हाईकं तेवढ्यासाठी सकाळपासून दारात उभी राहत. काय तो आवाज, काय ती फेक!

मग गुडघ्यांनी संप पुकारला, दुकान बंद झालं आणि काका लेकीकडे राहायला आले. लेकीचं टोमॅटोचं हरितगृह होतं. पस्तीस रांगा, ठिबकच्या नळ्या, आठ कामगार. काकांच्या वाट्याला तिथे एकच काम आलं, सावलीत बसण्याचं. "बाबा, तुम्ही आराम करा," हे दिवसातून इतक्यांदा ऐकू येई की त्यांना आरामाचाच शीण आला होता.

अशात लेकीने पाण्यात वायू मिसळणारं मशीन भाड्याने आणलं. सोड्यात असतो तोच वायू. त्याने मुळं अन्न चांगलं ओढतात, फळ गोड आणि घट्ट होतं, असं मशीनवाल्याचं म्हणणं. दीड महिना झाला, टोमॅटो होते तसेच पाणचट.

"वायू भरपूर आहे, ताई," मशीनवाला मीटर दाखवून म्हणाला. "टोमॅटोच मनावर घेत नाहीत."

"मीटर कुठे लावलाय?" काकांनी विचारलं.

"मशीनच्या तोंडाशी."

"आणि टोमॅटो काय मशीनच्या तोंडात वाढतात?"

"बाबा, हे सोड्याचं दुकान नाही," लेक म्हणाली.

काकांनी ऐकलं. म्हणजे ती जेवायला जाईपर्यंत. मग पेला घेऊन उठले. आज पाण्यात खत सोडलेलं नाही याची खात्री करून घेतली आणि मशीनपाशी पहिला पेला प्याले. ढेकर खणखणीत! मग मशीनमधलं पाणी साठायची टाकी. ती काळीकुट्ट, पत्र्यावर, भर उन्हात. तिच्या खालच्या तोटीच्या पाण्याने जेमतेम गुरगुर. शेवटच्या रांगेत नळीचं टोक उघडून दोन पेले झाले, तीन झाले. पोट तुडुंब भरलं, पण वर काही येईना.

लेक परतली तर वडील रांगेत कमरेवर हात ठेवून छताकडे पाहत उभे, आणि भोवती कामगार श्वास रोखून.

"बाबा! काय होतंय तुम्हाला?"

"काही होत नाहीये, हीच तर रड आहे! पाणी तापलं की वायू पळतो, पोरी. उन्हाळ्यात बर्फाच्या लादीशिवाय मी मशीनला हात लावत नसे. तुझी टाकी म्हणजे चहाचं पातेलं झालंय. मुळांना पोचतं ते नुसतं कोमट पाणी."

मशीनवाला हसला. लेक हसली नाही.

"तीन आठवडे देते," ती म्हणाली. "फरक पडला नाही तर पुन्हा नळीला हात लावायचा नाही. आणि पेल्याला तर मुळीच नाही."

काकांनी टाकी सावलीत आणवली, झाकण घट्ट बसवलं, वर ओल्या पोत्यांचं पांघरूण घातलं. पोती वाळली की ओरडत, "अरे, ती तापलीय!" जणू घरात कुणी आजारी पडलंय. चौथ्या दिवशी शेवटच्या रांगेत ढेकर आला, आणि असा आला की कामगारांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी वाकून त्या स्वीकारल्या.

पण टाळ्यांनी टोमॅटो गोड होत नाही. मुदत संपली त्या दिवशी लेकीने त्याच रांगेतला एक टोमॅटो तोडला, चिरला आणि अर्धा खाल्ला. पहिल्या प्रयोगाला पडद्याच्या फटीतून प्रेक्षक न्याहाळावेत, तसे काका तिचा चेहरा न्याहाळत होते. तिने उरलेला अर्धाही खाल्ला.

"पोती दिवसातून किती वेळा भिजवायची?" तिने विचारलं.

"तीनदा. ऊन जास्त असेल तर चारदा. सोमवारपासून मी सातला येत जाईन."

"सहाला, बाबा. बाकीचे सहाला येतात."

"या वयात सहाला!" काका करवादले, आणि आठही कामगारांना ऐकू जाईल अशी कुरकुर करत गजर लावायला घरी निघाले.