मामांचं मशीन गोडं पाणी पितं

एक अत्यंत गंभीर बाब आज जाहीर करतो आहे. शक्य असेल त्यांनी उभं राहून वाचावं. समुद्राचं पाणी खारट असतं. हे तुम्हा-आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, पण ही गोष्ट मनाला लावून घेतलेला माणूस उभ्या भूतलावर एकच झाला, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता.

मी तेव्हा बोईसरच्या एका कारखान्यात नुकताच चिकटलो होतो. लग्नही नवं होतं. रविवार उजाडला की आम्ही दोघं एसटीने तारापूरकडच्या खाडीकाठी मामांच्या वाडीत जाऊन पडायचो. नारळ, केळी, पानवेली आणि थोडा भाजीपाला एवढी ती वाडी. माल खाडीपलीकडच्या बाजारात न्यायला मामांची एक होडी होती, आणि ती पळवायला मागच्या फळीला आवळायचं एक मशीन होतं, डहाणूकडच्या कुणाकडून जुनं घेतलेलं. हे मशीन खाडीचंच पाणी आत ओढून स्वतःला गार ठेवायचं आणि तापलेलं पाणी एका बारीक भोकातून धारेने बाहेर टाकायचं. धार पडते आहे तोवर मशीन जिवंत. ती थांबली की आतून भाजलंच समजा. मामांचा सगळा संसार या धारेला लटकलेला होता.

खाडीवरून दमून आलेला माणूस आधी चहा मागतो. मामा पिंप मागत. मशीन खांद्यावर घेऊन, तान्ह्या बाळाची मान सावरावी तसा त्याच्या डोक्याखाली हात धरून ते अंगणात येत, गोड्या पाण्याने भरलेल्या पिंपाच्या कडेला ते आवळत, दोरी ओढून चालू करत आणि समोर उकिडवे बसून धारेकडे बघत राहत. पोटातलं मीठ धुऊन निघालं पाहिजे, नाहीतर ते आतल्या आत नळ्या खातं, असं त्यांचं म्हणणं. धार करंगळीएवढी जाड हवी, सरळ हवी आणि बोटाला कोमट लागायला हवी. तेवढ्या वेळात दारी पाहुणा येवो की पाटील, मामा मान वर करत नसत. आळीतली पोरं कुंपणावर रांगेने बसून मामांचं बाळ मुततंय म्हणून ओरडायची. मामांना त्यात मुळीच अपमान वाटत नसे. "मुततंय तवर बरं हाय," ते शांतपणे सांगत. "तुमच्या आज्याला इचारा."

वैशाखात विहीर तळाला जायची. मामी भांडी राखेने घासून ओल्या फडक्याने पुसून घ्यायच्या, आमच्या वाट्याला पायांवर घ्यायला अर्धा तांब्या यायचा, आणि अंगणात पिंप काठोकाठ भरलेलं असायचं. त्यावरून घरात रोज महाभारत. एकदा मामी माझ्यासमोर ताट ठेवता ठेवता म्हणाल्या, "जावईबापू, पुढल्या जन्मी मी मशीन होनार. रोजची आंघोळ तरी मिळंल." मामा जेवता जेवता थांबले, आणि रागावतील असं मला वाटलं, तर ते अगदी मनापासून म्हणाले की तुला धारेचं जमायचं नाय.

पावसाळ्यात होडी वर ओढलेली असताना एकदा एका कुंभारीण माशीने धारेच्या भोकात मातीचं घर बांधलं. पाऊस सरल्यावर खाडीत उतरायच्या पहिल्या दिवशी मशीन चालू केलं तर धारच नाही. मामांनी ताबडतोब बंद केलं आणि ओटीवर डोक्याला हात लावून बसले. बघणाऱ्याला वाटावं, घरात काही बरंवाईट झालं. शेवटी कारण सापडलं, पण भोकात जाईल एवढी बारीक तार सापडेना. ती मामींच्या नथीला होती. धार सुटली, मामा जेवले आणि ती नथ पुढे कायमची मशीनच्या हत्यारांत राहिली.

माणसंही ते याच मापाने मोजत. माझं एकदा सुपरवायझरशी वाजलं होतं आणि ते मी जेवताना तावातावाने सांगत होतो. मामांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्या लाल कानांकडे बघितलं आणि माझा पाणी ओढायचा पंखा झिजलाय म्हणून मी तापतो, असं निदान केलं. पुढे वीस वर्षं बायको मला तेच ऐकवत आली आहे.

या धारेची पारख करण्याचा अधिकार मामांखेरीज एकाच व्यक्तीला होता, त्यांची एकुलती एक मुलगी सुलभा. ती येता-जाता धारेत बोट घालायची, बरी हाय म्हणायची, आणि मामा निमूट मशीन बंद करायचे. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर त्याला होडीत पाय ठेवू दिला नसता.

आता मामा जाऊन बरीच वर्षं झाली, पण सुलभाच्या लग्नाची ती दुपार अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. सासर खाडीच्या पलीकडच्या गावात. रस्त्याने जायचं तर बोईसरवरून भला मोठा वळसा, म्हणून वऱ्हाड होड्यांनी आलेलं. नवरा-नवरीला आपणच आपल्या होडीतून पोचवणार, असं मामांनी आधीच सांगून ठेवलं होतं. जेवणं उरकली, ओटी भरून झाली. ओहोटी लागायच्या आत निघायला हवं, नाहीतर होडी चिखलात रुतेल, आणि तिकडे म्हातारी आजी उंबऱ्यावर माप ठेवून बसली आहे, असं व्याह्यांनी हात जोडून सांगितलं. मामा हो हो म्हणाले, आणि फेटा बांधलेला तसाच ठेवून मशीन घेऊन पिंपापाशी गेले.

मशीन चालू झालं. मामा उकिडवे बसले. बघून झाल्यावर म्हणाले, धार बारीक हाय. बंद केलं, तार घातली, फुंकर मारली, पुन्हा चालू केलं. मग पाणीच गढूळ वाटलं त्यांना. ते ओतून टाकलं. जन्मभर त्या पिंपावरून भांडत आलेल्या मामी उठल्या, विहिरीवरून स्वतः कळशी भरून आणली आणि पिंपात ओतली. मग दुसरी, मग तिसरी. व्याही घड्याळ बघत माझ्या कानाशी लागले, मशीन नादुरुस्त आहे का म्हणून. धार करंगळीएवढी होती, सरळ होती. आणि इतक्या रविवारांत मामांनी मशीन धुतलं ते नेहमी परत आल्यावर. निघायच्या आधी धुतलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं.

पाणी उतरून खाडीत तिवरांच्या झाडांची मुळं उघडी पडायला लागली. वऱ्हाडी चुळबुळत होते, मामा धारेवरून नजर काढत नव्हते. तेवढ्यात सुलभा मांडवातून उठली. शालू गुडघ्यांत गोळा करून बापाशेजारी उकिडवी बसली आणि हिरव्या चुड्याच्या हाताचं बोट तिने धारेत धरलं. सगळं वऱ्हाड तिच्या तोंडाकडे बघायला लागलं. आणि मग दिवसभर एक टिपूस न काढलेली ती पोर, व्याही-विहिणींसकट सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलून गेली:

"बाबा, मशीनला काय नाय झालंय. मांडवपरतणीला मी येनार हाय ना."