शमुवेलच्या दगडावरची जागा

१९७४ साल. माझं वय तेव्हा अडुसष्ट. शाळा तिसरीपर्यंत, अक्षरं पक्की झाली ती छिन्नीनं. महाल भागातल्या माझ्या दुकानात मी कबरींचे दगड कोरायचो. देवाच्या दयेची वचनं लोकांसाठी किती कोरली, त्याला मोजमाप नाही, पण माझं स्वतःचं मन बसलं ते बायबलातल्या जुन्या नियमशास्त्रावर. हट्टी, दारुड्या मुलाला गावानं दगडमार करावा, असं तिथं लिहिलंय. परत आलेल्या पोराला पाहून धावत सुटणाऱ्या बापाचा दाखला पाळकसाहेब सांगत, तेव्हा मी म्हणायचो, "तो बाप मऊ होता. मले नाही जमत."

माझा एकुलता शमुवेल दारू प्यायचा. दारूपायी त्यानं माझी हत्यारं विकली, तेव्हा मी त्याला घराबाहेर काढलं. पुढं आजारी होऊन दारात आला, तर "आधी चर्चच्या साऱ्या मंडळीपुढं माफी माग" म्हणून मी कडी काढली नाही. आठ दिवसांनी तो दवाखान्यात वारला. दगड मीच कोरला. नुसतं 'शमुवेल'. बापाचं नाव घातलं नाही, ही त्याची शिक्षा. नाव मधोमध यायचं, ते माझ्या हातून डावीकडं गेलं. उभ्या जन्मात अशी चूक झाली नव्हती. तरी तोच दगड बसवला आणि सहा वर्षं तिकडं फिरकलो नाही. बायको आधीच गेलेली. एकट्यापुरता भात टाकायचो, तोही उरायचा.

त्या वर्षी ईस्टरच्या आदल्या दुपारी दुसऱ्या कोणाचा निखळलेला दगड बसवायला कबरस्थानात जावं लागलं. पाहतो तर शमुवेलच्या कबरीला एक अनोळखी बाई चुना लावत होती. शेजारी एका लेकराची लहानशी कबर होती.

"कोण लागते वं हा तुझा?" मी विचारलं.

"कोणी नाही, बाबा. पाहा ना, बापाचं नावच नाही. अनाथालयातला असन बिचारा. माह्या पोरीच्या कबरीसंगं दरसाल यालेही चुना लावून देते."

"बाप होता त्याले."

"होता? त मंग मेला कुठं इतके दिवस?"

मी हातातली थापी खाली ठेवली. "मेला नाही," मी म्हटलं. "मीच आहो."

 बाईनं कुंचला माझ्यापुढं धरला. "घ्या. इकडची बाजू राहिली आहे."

तिला देवानं पाठवलं की ती आपली आपण आली, मला सांगता येत नाही. शिक्षा आणि दया एकाच शास्त्रात कशा नांदतात, तेही उलगडलेलं नाही. पण मी नियम धरून बसलो होतो, त्या सहा वर्षांत माझ्या पोराला कोणीतरी आपलं मानलं. आणि दगडावर उजवीकडं एका नावापुरती जागा होती. ती मी ठरवून सोडली नव्हती. कोणी सोडवून घेतली, हे विचारायचं आता मी सोडलंय. फक्त उपकार मानतो.

रविवारी, देवाच्या विसाव्याच्या दिवशी, मी जन्मात कधी हत्याराला हात लावला नव्हता. लहानपणी शमुवेलनं एकदा लावला, तर त्याला दिवसभर उपाशी ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या सकाळी, मंडळी चर्चमध्ये गात होती तेव्हा मी छिन्नी-हातोडी घेऊन त्याच्या कबरीपाशी बसलो आणि त्याच्या नावापुढं माझं नाव कोरलं.