सातव्या मजल्यावरची बाल्कनी

यागोदा वॉर्सॉच्या एका कंपनीत व्हिडिओ गेमसाठी दोनशे वर्षांनंतरची शहरं रचायची. वर काचेचे मनोरे, खाली काळोखात गरिबांच्या वस्त्या. अशा शहरात एक खिडकी काढायची आणि हजारदा चिकटवायची, कुणाच्या बापाला कळत नाही. यागोदाला ते पटेना. खालच्या वस्तीतल्या एका इमारतीसाठी ती वूच शहरात आईकडे गेली, ओल आलेल्या काँक्रीटचे फोटो काढले आणि सातव्या मजल्यावर चक्क आईची बाल्कनी बसवली. लाल फुलांच्या कुंड्या, वाळत घातलेला एप्रन, सगळं.

आईला, चेस्वावाबाईंना, आभाळ ठेंगणं झालं. सगळा जन्म गिरणीत सूत कातण्यात गेला होता, आणि आता जगभरची पोरं त्यांची बाल्कनी बघणार होती. जिन्यात भेटेल त्याला त्या सांगत सुटल्या.

पण त्या बाल्कनीनेच घात केला. बाकीचं शहर छापील आणि ही एकच इमारत जिवंत, त्यामुळे ज्याची त्याची नजर तिच्यावरच जायची. यागोदाचा साहेब ओल्गेर्द म्हणाला, "पहिल्या स्फोटात हीच उडवू. बघणाऱ्याच्या पोटात कालवलं पाहिजे."

"पाडायला दुसरी करून देते ना."

"दुसरी अशी होईल?"

होणार नव्हती. यागोदाने मान डोलावली. ती शाबासकी तिला गोड लागली होती, आणि त्याची लाज तिला आईसमोर बोलू देईना.

गेम बाजारात आला. रविवारी जेवणानंतर चेस्वावाबाईंनी शेजाऱ्यांना बोलावून चीजकेक कापला. टीव्हीवर गेममधली बाल्कनी दाखवायची आणि स्फोटाआधी टीव्ही बंद करायचा, असं यागोदाने ठरवलं होतं.

"वहिनी, कुंड्या खऱ्यापेक्षा टवटवीत आहेत हं," शेजारचे झेनोनभाऊ म्हणाले.

"तुम्ही बोलू नका. तुमच्या बाल्कनीत मोडक्या सायकलीशिवाय आहे काय?"

सगळे हसले. यागोदाने रिमोट उचलला.

"अगं, बंद काय करतेस? आता कुठे रंगात येतंय," म्हणत झेनोनभाऊंनी तो तिच्या हातातून काढून घेतला.

इमारत तळापासून खचली. सातवा मजला सहाव्यावर बसला आणि पडदाभर धूळ झाली. यागोदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आत कुणी नव्हतं, आई," ती खोटंच म्हणाली. "आधीच रिकामी केली होती."

चेस्वावाबाईंनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"मग माझ्या स्वयंपाकघरात दिवा कशाला लावून ठेवलास?"