दसऱ्याचा मायक्रोस्कोप

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचा परीक्षक म्हणून मी नांदेडहून लातूरला गेलो होतो. तिथल्या प्रयोगशाळेच्या सेवकाचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मायक्रोस्कोपवरची प्लास्टिकची पिशवी मात्र तो अशी काढायचा, जणू पुजारी देवीचा पडदा सारतोय. आधी नमस्कार, मग यंत्र.

"हळू हां सर, लई नाजूक मशिनी हायेत," मी दोन हात लांब असतानाच त्यानं बजावलं. "दर दसऱ्याला समद्यायला हळदीकुंकू लावतो मी."

पोरं माना खाली घालून चित्रं काढत होती. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी, गालाच्या आतल्या पेशी, अगदी पुस्तकासारख्या. एकानं तर त्या यंत्राच्या बापालाही दिसणार नाहीत असे बारीक भाग काढून त्यांना नावंही दिली होती. एवढी तीक्ष्ण नजर लातुरातच तयार होते.

मी सेवकाला विचारलं, "पोरांना नीट दिसतं ना यातून?"

"पोरायला बघायचं काय काम, सर? समदं पाठ हाय. दरसाल डॉक्टर व्हायलेत इथून."

मी वाकून एका नळीला डोळा लावला. आत नुसता लालसर अंधार होता. मान वर केली तर त्यानं खांद्यावरचा पंचा पुढे केला.

"डोळ्याला कुंकू लागलं, सर. दसऱ्याचं हाय, शुभ असतंय."

डोळा पुसत मी समोरच्या रांगेकडे पाहिलं. प्रत्येक पोरापुढं एक मायक्रोस्कोप होता. कुंकू मात्र एकाच्याही डोळ्याला नव्हतं.