पाठवणीचे चाळीस सेकंद

उरण नाक्याजवळ आमचा दहा बाय बाराचा स्टुडिओ होता, तेव्हाची गोष्ट. नव्वदीची शेवटची वर्षं. लग्नाच्या ऑर्डरी असायच्या. नवरा व्हिडिओ काढायचा, मी फोटो. शिवाय मी नुकताच कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, त्यामुळे अख्ख्या पनवेलमध्ये माझ्याइतकं कुणाला काही कळतं यावर माझा विश्वासच नव्हता.

गव्हाणच्या एका लग्नात पाठवणीच्या वेळी नवरी गाडीत बसता बसता थांबली आणि माझा हात धरून म्हणाली, "ताई, बाकीचा कसा बी येऊंदे, पन माजा नि बापसाचा एक फोटू पायजे. आमचा दोगांचा एक बी नाय." तिचा बाप दिवसभर पंगतीत वरणाची बादली घेऊन धावत होता, तो कुठल्याच फोटोत नव्हता. मी दोघांना शेजारी उभं केलं, बटण दाबलं, "मस्त आला!" म्हणाले आणि लगेच वऱ्हाडाकडे वळले. रोल छत्तीस फोटोंचा, पण कॅमेऱ्यातला आकडा चाळिसावर गेला होता. चार फोटो फुकट मिळाले म्हणून मी खुशीत.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, आणि माझा रोलही. फिल्मचं टोक आत अडकलंच नव्हतं, कॅमेरा नुसताच खटखट करत होता. लग्न लागल्यापासून पाठवणीपर्यंतचं सगळं गेलं. लॅबवाल्याने कोरी फिल्म हातात ठेवली.

"जाऊ आणि खरं सांगू," नवरा म्हणाला. तो शांत माणूस आहे, आणि अशा वेळी मला त्याचा फार राग येतो.

"आधी तुझी कॅसेट दे, तिच्यातून फोटो काढते," मी म्हणाले.

आमच्या कॉम्प्युटरमध्ये एक कार्ड बसवलेलं होतं. व्हीसीआरमधलं चित्र त्यातून आत घ्यायचं. डिस्क एवढीशी, दहा मिनिटांचं घेतलं की भरली. मग त्यातल्या कामाच्या फ्रेमा फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायच्या, बाकीचं पुसायचं, आणि पुढची दहा मिनिटं घ्यायची. एका सेकंदाच्या पंचवीस फ्रेमा. फायलींना मी 'नवरी एक', 'नवरी दोन' अशी नावं देत सुटले. नवरी तीनशेवर पोचली तेव्हा कुठली नवरी कुठे आहे ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. शेवटी एक वही केली आणि तिच्यात लिहायला लागले: कोण, कुठे, डोळे उघडे की मिटलेले.

खरी रड पुढेच होती. व्हिडिओतलं एक चित्र दोन अर्ध्या चित्रांच्या ओळी एकमेकांत घालून झालेलं असतं. माणूस जरा हलला की त्याच्या कडा कंगव्यासारख्या दातेरी होतात. आणि लग्नात हलत कोण नाही? नाचणारे, वाढणारे, मुंडावळ्या सावरणारे, सगळे दातेरी.

वाचवलं ते म्हाताऱ्यांनी. व्हिडिओच्या दिव्याचा उजेड अंगावर पडला की त्या फोटो समजून ताठ उभ्या राहायच्या, श्वाससुद्धा घ्यायच्या नाहीत. नवरा ओरडायचा, "आजी, हला की, व्हिडिओ आहे!" मीही वैतागायचे. आता मात्र एकेका पुतळ्याला मी पडद्यासमोर हात जोडले. काय सुरेख आल्या होत्या सगळ्या! नथीतला मोतीन्‌मोती दिसत होता.

शेवटी पाठवणीपाशी आले. मी बटण दाबून निघून गेले होते, पण नवऱ्याने दिवा चालूच ठेवला होता. आणि दिवा चालू म्हणून तो बाप हललाच नव्हता. हात मांड्यांना चिकटवून चाळीस सेकंद उभा. लेक मात्र डोळे पुसतेय, त्याची टोपी सारखी करतेय, मागे वळून कुणाला हाक मारतेय. हजार फ्रेमा मी एक एक करून पाहिल्या. एका फ्रेममध्ये ती थांबली होती, आणि बापाकडे बघत होती. मला रडू आलं आणि त्याच झटक्यात मी टाळीही वाजवली.

पहिल्या माहेरपणाला आली तेव्हा नवरी बापाला घेऊन स्टुडिओत अल्बम बघायला आली. खरं सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. तिने तो फोटो पाहिला आणि त्याच्यावरून बोट फिरवत बसली. बाप खूश होऊन म्हणाला, "मी हललो नाय म्हनून बरा आला."

मग मला खोटं पचेना. रोल रिकामा गेला इथपासून सगळं सांगून टाकलं. "काका, हा फोटो नाही, व्हिडिओतून काढलाय. माझं चुकलं."

ते रागावले नाहीत. मग म्हणाले, "मंग मना हलाया चालला असता?"

"हो."

"ठाव असता तर पोरीला जवल घेतला असता."

लेक फोटो ठेवून उठली. "मंग आता घे ना!"

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि लाजत लाजत तिला ओढून जवळ घेतलं. ती हसत सुटली, तेही हसायला लागले. मी कॅमेरा उचलला.

तो फोटो हलला. बापाचा हात धूसर, लेकीचं अर्धं तोंड हसण्यात पुसलेलं. अल्बमच्या पहिल्या पानावर मी तोच लावला.